विजेच्या हत्यारांची पारख

व्यापाऱ्याची खरी विद्या म्हणजे पारख. निपाणीच्या पेठेतील मुरब्बी तंबाखू-व्यापारी बोद उघडून पाहिल्यावाचून भाव बोलत नाही. तो पान बोटांत चुरगाळतो, नाकाशी धरतो, त्याचा रंग उजेडात पाहतो आणि मगच रुमालाखाली हात घालण्यास तयार होतो. सराफ कसोटी लावतो, कापडवाला पोत पाहतो, भुसारी दाणा दाताखाली धरतो. परंतु हाच चोखंदळ व्यापारी आपल्या कारखान्यासाठी अथवा घरबांधणीसाठी ड्रिल किंवा ग्राइंडर विकत घेण्यास निघाला म्हणजे काय करतो? पेटीचा रंग पाहतो, तीवर छापलेले वॅट वाचतो, दोन दुकानांत भाव विचारतो आणि व्यवहार उरकून टाकतो. पिढ्यानपिढ्या कमावलेली पारख येथे अचानक कोठे लुप्त होते, हे आम्हांस नेहमीच कोडे वाटत आले आहे.

विजेवर चालणाऱ्या ज्या हत्यारांस बाजारात ‘पॉवर टूल्स’ म्हणतात, त्यांच्या विक्रीच्या धंद्यात आम्ही बरीच वर्षे आहोत. आपल्या संघाच्या सभासदांत ही हत्यारे विकणारे आहेत, ती कामगारांच्या हाती देणारे कारखानदार आहेत आणि घरच्या कामासाठी क्वचित एखादे घेणारे तर घरोघरी आहेत. यास्तव या स्मरणिकेच्या निमित्ताने, भारी किमतीची हत्यारे खरोखर भारी असतात काय, आणि असली तर ती कोणासाठी, या प्रश्नाचा थोडा सविस्तर विचार करावा असे योजिले आहे.

उद्यमबागेतील एक सकाळ

टिळकवाडी मागे टाकून खानापूर रस्त्याने निघाले म्हणजे उद्यमबाग लागते. येथेच १९७९ साली स्थापन झालेले गोगटे तंत्रनिकेतन महाविद्यालय आहे; आणि भोवताली ओतशाळा, यंत्रशाळा, पॅटर्नची दुकाने, लहानमोठे जोडधंदे यांची दाटी आहे. पंप, व्हॉल्व्ह, मोटारगाड्या यांस लागणारी कास्टिंगे येथून दूरदूर जातात. साच्यातून निघालेले कास्टिंग मात्र लगेच गिऱ्हाइकाकडे जात नाही. त्याची वाळू झाडावी लागते, रनर-रायझर तोडावे लागतात, कडेला आलेला पापुद्रा घासून काढावा लागतो. या कामास ‘फेटलिंग’ म्हणतात. ठिणग्यांच्या फवाऱ्यापुढे उभा असलेला फेटलिंगचा कामगार आणि त्याच्या हातातील ग्राइंडर हे या वसाहतीचे नित्याचे दृश्य होय.

या कामात हत्याराची जेवढी कठोर परीक्षा होते तेवढी अन्यत्र क्वचितच होत असेल. यंत्र तासन्‌तास चालते. लोखंडाची बारीक धूळ पंख्याच्या हवेबरोबर आत शिरते आणि तारेच्या वेटोळ्यांवर घासत राहते. म्हणून चांगल्यावाईटाची पारख शिकावयाची असेल तर दुकानाच्या काचेपेक्षा उद्यमबागेतील फेटलिंगचा बाक ही अधिक चांगली शाळा आहे.

नांगराचा धडा

मालाचा कस आणि मालाची किंमत यांचा झगडा बेळगावला नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली याच शहरात सायकलींचे दुकान थाटले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर यांच्या निर्मितीस त्यांनी येथेच आरंभ केला. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे पहिले नांगर खपण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. कारखान्याची जागा सोडावी लागल्यामुळे त्यांनी १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडीचा पाया घातला.

पुढे हेच नांगर विकण्याचे काम ज्यांनी काही काळ केले त्यांत कुंभोजचे भाऊराव पाटील होते. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापून जे कर्मवीर म्हणून महाराष्ट्रास वंदनीय झाले, तेच हे. शिक्षणकार्याआधी त्यांनी ओगले काच कारखाना, किर्लोस्कर आणि कूपर यांच्यासाठी विक्रीचे व उद्योगाचे काम केले होते, ही गोष्ट आपल्या व्यापारी कुटुंबांतील तरुणांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. लाकडी नांगरापेक्षा महाग असलेली वस्तू शेतकऱ्याच्या गळी नुसत्या गोड बोलण्याने उतरत नाही. ती रानात चालवून दाखवावी लागते. विक्रेत्यास मालही कळावा लागतो आणि गिऱ्हाइकाची जमीनही कळावी लागते.

मोठ्या नावांची कुळकथा

हाती धरून चालविता येणारे विजेचे ड्रिल १८९५ साली जर्मनीतील स्टुटगार्ट येथे फाइन यांच्या कारखान्यात तयार झाले. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबावयाचा खटका या, आज आपणांस अगदी स्वाभाविक वाटणाऱ्या, रचनेचे पेटंट अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर यांस १९१७ साली मिळाले. स्टुटगार्टच्याच बॉश कंपनीने १९३२ साली विजेचा हातोडा बाजारात आणला. जपानमधील नागोया येथे १९१५ साली मोटारींच्या विक्री-दुरुस्तीसाठी निघालेल्या माकिटा यांनी १९५८ साली विजेचा रंधा काढला.

या नामावळीत आपल्या परिसराचेही एक पान आहे. मुंबईत मुलुंड येथे तयार होणारे रॅलीवुल्फचे ड्रिल जुन्या मिस्त्रींच्या तोंडी अद्याप आहे. आणि निपाणीहून फार दूर नसलेल्या शिरोळ तालुक्यात १९७६ साली कुलकर्णी आणि ब्लॅक अँड डेकर यांच्या भागीदारीतून एक कंपनी स्थापन झाली. हीच पुढे कुलकर्णी पॉवर टूल्स व त्यानंतर केपीटी इंडस्ट्रीज या नावाने ओळखली जाऊ लागली. ऊस आणि भाजीपाल्याच्या मुलखात जगभर गाजलेल्या जातीची हत्यारे घडू शकतात, हे या उदाहरणाने सिद्ध केले.

या कुळकथेचा व्यवहारात उपयोग असा, की नाव आणि घराणे ही दोन्ही कायम राहत नाहीत. डिवॉल्ट हे नाव १९६० साली ब्लॅक अँड डेकरकडे गेले, आणि २०१० साली ती कंपनीच स्टॅनलीत मिसळली. अमेरिकेचे मिलवॉकी २००५ साली हाँगकाँगच्या टेकट्रॉनिककडे गेले. जर्मनीचे मेटाबो २०१६ साली जपानच्या हिताची कोकीने घेतले, आणि हिताची कोकीच्या हत्यारांचे नाव २०१८ साली बदलून हायकोकी झाले. शिवाय एकाच कंपनीच्या मालातही प्रती असतात. बॉशची निळी हत्यारे कारागिरांच्या रोजच्या धंद्यासाठी, तर हिरवी घरगुती हौसेच्या कामासाठी बनविलेली असतात. नाव एक, पण काम वेगळे. तेव्हा नावावर विसंबणे ही पारखीची सुरुवात होऊ शकेल. शेवट मात्र नव्हे.

पेटीच्या आत काय असते

भारी आणि हलके यंत्र बाहेरून सारखेच दिसते. फरक आत असतो.

पहिला फरक आर्मेचरचा. तारेच्या वेटोळ्यांवर रोगणाचा जाड, सर्वत्र सारखा बसलेला थर असेल तर लोखंडी धूळ त्यास लवकर खात नाही. काही हलक्या यंत्रांत तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार असते; तिचा विद्युत्‌-रोध अधिक, म्हणून त्याच जागेत बसणारी तार तापतेही अधिक. दुसरा फरक कार्बनचा. चांगल्या यंत्रात कार्बन ठराविक मर्यादेपर्यंत झिजला की यंत्र आपोआप बंद पडते. कामगारास तो थोडा त्रास वाटतो. परंतु त्यामुळे हजार-बाराशेचे आर्मेचर वाचते आणि खर्च कार्बनच्या जोडीवर भागतो. तिसरा फरक बेअरिंग आणि गिअरचा. बेअरिंगला धुळीपासून नीट आच्छादन आहे काय, गिअरचे दाते तिरपे कापलेले व कसून पाणी दिलेले आहेत काय, हे यंत्राच्या आवाजावरूनही जाणत्यास कळते.

वॅटच्या आकड्याविषयी पुष्कळांचा गैरसमज असतो. पेटीवरील वॅट बहुधा यंत्र किती वीज घेते ते सांगतात, किती काम देते ते नव्हे. अशा मोटारीत घेतलेल्या विजेपैकी निम्म्याच्या आसपासच शक्ती चाकापर्यंत पोहोचते. उरलेली उष्णता होऊन जाते. म्हणून हजार वॅटचे सुमार यंत्र साडेआठशेच्या उत्तम यंत्रापुढे मागे पडू शकते. तसेच, बारीक तारेची लांबच लांब जोडणी केली की विजेचा दाब घटतो, फेरे मंदावतात, कारागीर अधिक जोर देतो आणि पंख्याची हवा कमी झाल्याने आर्मेचर तापते. अशा ठिकाणी दोष तारेचा असतो आणि बोल यंत्रास लागतो.

आणखी एक गोष्ट यंत्रात नसून कामगाराच्या हातात दिसते. ती म्हणजे थरथर. दिवसानुदिवस थरथरणारे यंत्र धरल्याने बोटांतील रक्ताभिसरण बिघडते, बोटे पांढरी पडतात, बधिर होतात. युरोपात २००२ सालच्या निर्देशाने आठ तासांच्या कामासाठी याची मर्यादा ५ मीटर प्रति सेकंद वर्ग अशी घातली असून २·५ वर पोहोचताच मालकाने उपाय योजावेत असे ठरविले आहे. भारी यंत्रांच्या माहितीपत्रकात हा आकडा छापलेला आढळतो. तो विचारणारे गिऱ्हाईक आम्हांस अपवादानेच भेटले आहे.

तासाचा हिशेब

आता मोलाकडे वळू. उदाहरणापुरते दोन ग्राइंडर घेऊ. पहिला २,५०० रुपयांचा, दुसरा ६,००० रुपयांचा. फेटलिंगच्या बाकावर यंत्र वर्षास १,५०० तास चालते असे धरू. पहिल्याचे आर्मेचर दर ३७५ तासांनी जळते, दुरुस्तीस १,२०० रुपये पडतात आणि प्रत्येक वेळी कामगाराचे दोन दिवस, ७०० रुपये रोजाने, वाया जातात असे माना. वर्षात अशा तीन दुरुस्त्या म्हणजे ३,६०० रुपये, वाया गेलेला रोज ४,२०० रुपये आणि कार्बनचे १,००० रुपये. मूळ किमतीसह बेरीज ११,३०० रुपये झाली. दुसऱ्याची वर्षाची निगा १,५०० रुपये आणि एक दिवसाचा खोळंबा ७०० रुपये धरला तर बेरीज ८,२०० रुपये होते. पहिल्याचा तास साडेसात रुपयांस पडला, दुसऱ्याचा साडेपाच रुपयांस. साधारणपणे दुसरी दुरुस्ती आली की स्वस्त यंत्र महाग होऊ लागते.

परंतु हाच हिशेब दुसऱ्या घरी करून पाहा. एखादे कुटुंब खिडकीची जाळी कापणे, फाटकाचा गंज काढणे अशा कामांसाठी ग्राइंडर घेते. तो वर्षास २० तास, म्हणजे पाच वर्षांत १०० तास चालणार. येथे २,५०० रुपयांच्या यंत्राचा तास २५ रुपयांस पडतो आणि ६,००० रुपयांच्या यंत्राचा ६० रुपयांस. आता महाग कोणते? जे यंत्र उद्यमबागेत स्वस्त ठरले तेच घरी उधळपट्टी ठरले. वर्षातून दोनदाच लागणारा फोडकामाचा मोठा हातोडा तर विकत घेण्यापेक्षा भाड्याने आणणे शहाणपणाचे.

तात्पर्य, यंत्राचे मोल पेटीवर छापलेले नसते. ते गिऱ्हाइकाच्या कामाच्या तासांत असते. आकडे प्रत्येकाने आपापले घालावेत. रीत हीच राहील. भावांची तुलना करताना १८ टक्के वस्तू व सेवा कर दोन्हीकडे धरावा किंवा दोन्हीकडे वगळावा. नोंदणीकृत कारखानदारास नियमानुसार त्याची वजावट मिळते, म्हणून पक्के बिल घेणाऱ्याने कच्च्या बिलाच्या ‘स्वस्ताई’स भुलू नये. बिलावाचून हमीही नाही आणि बनावट मालाविरुद्ध दादही नाही.

बॅटरीचे नवे प्रकरण

अलीकडे बॅटरीवरील हत्यारांचा बोलबाला आहे. वायर नाही, कार्बनविरहित मोटार, हलके वजन हे गुण खरेच आहेत. शिडीवर चढून काम करणारा वायरमन, वीज नसलेल्या शेडवर पत्रे ठोकणारा फिटर, घरोघर जाणारा सुतार यांस ती वरदानच होय. मात्र दोन गोष्टी जाणून घ्याव्यात. एका पेटीवर १८ व्होल्ट आणि दुसरीवर २० व्होल्ट असे लिहिलेले असले म्हणजे दुसरे अधिक जोरदार, असे बहुधा नसते. दोन्हींत लिथियमचे पाच घट एकापुढे एक जोडलेले असतात. पहिला आकडा नेहमीच्या कामाचा, दुसरा पूर्ण भरलेल्या अवस्थेचा.

दुसरी गोष्ट साठ्याची. १८ व्होल्ट आणि ४ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ७२ वॅट-तासांचा साठा. ८०० वॅट ओढणारे काम तीवर सलग केले तर साडेपाच मिनिटांत ती रिती होईल. हलके काम अर्थातच पुष्कळ अधिक वेळ चालेल. म्हणून दिवसभराच्या फेटलिंगला वायरीचेच यंत्र बरे. शिवाय एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्रास बसत नाही. त्यामुळे पहिली खरेदी पुढच्या खरेद्या बांधून टाकते. पहिले यंत्र घेतानाच पुढील तीन यंत्रांचा विचार करावा.

आमच्या गल्ल्यावरील एक आठवण

येथवर जे लिहिले ते हिशेबाचे झाले. एक गोष्ट मात्र हिशेबाबाहेरची आहे, आणि ती सांगावयास संकोच वाटतो, कारण तीत दोष आमचा आहे.

काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या मिस्त्रींनी आमच्याकडून पाच इंची ग्राइंडर नेला. त्यांस स्वस्तातला हवा होता, आम्ही दिला. त्याचे गार्ड पातळ पत्र्याचे, एका स्क्रूवर बसणारे होते. पुढे दोन महिन्यांनी ते सात इंची चाके मागावयास आले. दिवाळीपूर्वीची गर्दी होती. चाके कोणत्या यंत्रास लावणार, हे आम्ही विचारले नाही. मोठे चाक जास्त दिवस पुरते म्हणून त्यांच्या एका पोरसवदा कामगाराने गार्ड काढून तेच चाक त्या लहान यंत्रावर चढविले. दोन्हींचे भोक सारखे, त्यामुळे ते बसले.

चाकावर वेगाची मर्यादा छापलेली असते, सेकंदास ८० मीटर. पाच इंची यंत्र मिनिटास ११,००० फेरे घेते. त्यावर पाच इंची चाकाची कड सेकंदास ७२ मीटर धावते. सात इंची चाकाची कड १०४ मीटर धावते. सात इंची चाकासाठी बनविलेले यंत्र म्हणूनच सुमारे ८,५०० फेऱ्यांवर थांबविलेले असते. ही गणिते आम्हांस ठाऊक होती. त्या मुलास ठाऊक असण्याचे कारण नव्हते. माहितीपत्रक इंग्रजीत होते, आणि त्यास मराठी व कानडीखेरीज काही वाचता येत नव्हते.

चाक फुटले. एक तुकडा त्याच्या भुवईवर लागला, दुसरा दाराच्या चौकटीत रुतला. डोळा अर्ध्या इंचाने वाचला. दुसऱ्या दिवशी मिस्त्री दुकानात आले. भांडले नाहीत. खिशातून फुटक्या चाकाचे तुकडे काढून त्यांनी आमच्या गल्ल्यावर मांडले आणि म्हणाले, “अण्णा, हे तुमच्या घरच्या पोराच्या हातात असंच दिलं असतंसा काय?”

या प्रश्नास आम्हांपाशी उत्तर नव्हते. मिस्त्रींनी यंत्राचे पैसे परत मागितले नाहीत. औषधोपचाराचा खर्च आम्ही दिला तो त्यांनी फार आग्रहानंतर स्वीकारला. तो मुलगा आज स्वतः कुशल फेटर आहे. भुवईवरील व्रण मात्र आहे, आणि तो दुकानात आला म्हणजे आमची नजर प्रथम तेथेच जाते.

विक्रेत्याने व मालकाने काय करावे

तेव्हापासून आमच्या दुकानात एक नियम झाला. यंत्र दाखविण्यापूर्वी चार प्रश्न विचारावयाचे. काम कोणते? दिवसाकाठी किती तास? वीज कशी आणि तार किती लांब? यंत्र कोणाच्या हाती राहणार? या चार उत्तरांवरून निम्म्याहून अधिक निवड आपोआप होते. पुष्कळदा आम्ही गिऱ्हाइकास त्याने मागितले त्याहून कमी किमतीचे यंत्र देतो. आमच्या मुलांस प्रथम हे चमत्कारिक वाटले. पण असे गिऱ्हाईक परत येते, आणि येताना शेजाऱ्यासही घेऊन येते.

चाक विकताना यंत्र विचारावे. गार्ड काढू नये हे मराठीत आणि कानडीत तोंडाने सांगावे. चष्मा बरोबर द्यावा, फुकट द्यावा लागला तरी द्यावा. यंत्रावर चौकोनात चौकोन अशी दुहेरी विद्युत्‌-संरक्षणाची खूण आहे काय, ते दाखवावे. सुटे भाग अस्सल ठेवावेत. ज्या यंत्राचे आर्मेचर आणि कार्बन आपल्या गावात आठवड्याच्या आत मिळत नाहीत, ते कितीही नामांकित असले तरी कारखानदारास देताना दोनदा विचार करावा. बंद पडून कपाटात बसलेले उत्तम यंत्र चालत्या मध्यम यंत्राहून निरुपयोगी असते.

मालकवर्गास एवढेच सुचवावेसे वाटते, की हत्यार हा खर्चाच्या वहीतील केवळ एक आकडा नव्हे. ते एका माणसाच्या हातात दिवसाचे पाच-सहा तास असते. त्याची थरथर त्याच्या बोटांत जाते, त्याची धूळ त्याच्या छातीत जाते, त्याचा आवाज त्याच्या कानांत राहतो. चांगले यंत्र या सर्वांस थोडा आळा घालते, आणि वर्षअखेरीस हिशेबातही उतरते. व्यापारात असे योग फार नसतात, की जे माणसास हितकर तेच वहीसही हितकर ठरावे. जेथे तो योग येतो तेथे तरी आपण तो दवडू नये.

तंबाखूचे पान नाकाशी धरून पारखणारे आपले वाडवडील आज असते, तर त्यांनी ग्राइंडरही असाच हातात घेऊन, चालवून, त्याचा आवाज ऐकून आणि तो चालविणाऱ्यास दोन प्रश्न विचारून घेतला असता. मिस्त्रींचा तो प्रश्न मात्र आम्ही आमच्या गल्ल्यापुरता कायमचा लिहून ठेवला आहे. कोणतेही यंत्र बांधून देण्यापूर्वी तो आम्ही स्वतःस विचारतो. सभासद बंधूंनी आपापल्या दुकानी व कारखान्यात तो एकवार विचारून पाहावा, एवढीच नम्र विनंती करून हे निवेदन पुरे करतो.